प्यादं गेलं, पण डाव कोणाच्या हातात?

मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या पालकांचा हिशेब सोपा असतो. आपल्या लेकराची मोहरी जास्त मेली की समोरच्याची? परभणी असो, लातूर असो की जालना, दारातून तेवढंच दिसतं. प्यादं कमी दिसलं की चेहरा पडतो, समोरच्याचा घोडा पटाबाहेर दिसला की जीव भांड्यात पडतो. पुष्कळ डावांत हा हिशेब बरोबरही निघतो. पण लहान गटांत, विशेषतः पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत, हमखास दिसणारं एक ओपनिंग (डाव सुरू करण्याची ठरलेली पद्धत) असं आहे की त्यात हा हिशेब सपशेल फसतो. क्लासला जाणारी मुलं त्याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. काही जण नुसतंच ‘लिव्हर’ म्हणतात, आणि ते लावायला मिळालं की खूश होतात.

बुद्धिबळात ‘धारदार’ ओपनिंग कशाला म्हणायचं, हे या एका उदाहरणावरून चांगलं कळतं. साध्या ओपनिंगमध्ये एखादी कच्ची चाल पडली तरी पुढे दहा चालींत ती निस्तरता येते. धारदार ओपनिंगमध्ये निस्तरायला सवड मिळत नाही. आणि धार दोन्ही बाजूंना असते, हे क्लासमध्ये जरा कमीच सांगितलं जातं.

पुढचं वाचताना समोर पट मांडून ठेवा. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं की उभ्या ओळी डावीकडून उजवीकडे ए ते एच, आणि आडव्या ओळी खालून वर १ ते ८. म्हणजे पांढरा राजा ई१ वर, काळा राजा ई८ वर. एवढं पुरे.

आता काळ्याचं एफ७ वरचं प्यादं बघा. डाव मांडल्यावर काळ्याच्या आठही प्याद्यांना कोणाचा ना कोणाचा जोर, म्हणजे राखण, असते. ई७ ला तर वजीर, उंट, घोडा आणि राजा असा चौघांचा. जी७ ला उंटाचा, एच७ ला हत्तीचा. एफ७ ला मात्र एकट्या राजाचा. पांढऱ्याकडे एफ२ ची तीच गत. चार चालींत मात देण्याचा जो प्रकार पोरं शाळेत एकमेकांवर करतात, त्याचाही रोख याच घरावर असतो. फ्राइड लिव्हर त्याच घरावरचा हल्ला आहे, फक्त जास्त शहाणा.

समजा, पांढरी मोहरी परभणीच्या एका मुलीकडे आहेत आणि काळी लातूरच्या एका मुलाकडे. दोघंही अकरा वर्षांखालच्या गटात.

ती राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ई४ वर टाकते, तो ई५ वर. ती घोडा एफ३ वर काढते, म्हणजे ई५ च्या प्याद्यावर नजर. तो घोडा सी६ वर आणून त्याला जोर देतो. ती उंट सी४ वर आणते. उंटाची तिरकी रेघ थेट एफ७ पर्यंत जाते. तो दुसरा घोडा एफ६ वर काढून तिच्या ई४ च्या प्याद्यावर मारा धरतो. इथपर्यंत सगळं शिस्तीत. आणि चौथ्या चालीला ती घोडा उचलून जी५ वर ठेवते. सुरुवातीलाच तेच मोहरं दुसऱ्यांदा हलवायचं नाही, असं प्रत्येक क्लासमध्ये सांगतात, आणि तिने नेमकं तेच केलं. पण आता एफ७ वर दोन मारे आहेत, उंटाचा आणि घोड्याचा, आणि राखणीला एकटा राजा.

जर्मन उस्ताद सिगबर्ट टार्राश यांनी या चालीला कच्च्या खेळाडूची चाल म्हणून हिणवलं होतं. पण पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्स ही चाल खेळला, पुढे अमेरिकेचा जगज्जेता बॉबी फिशरही खेळला. तेव्हा टार्राश यांचं नाव सांगून मुलांना ही चाल खेळू न देणं मला पटत नाही.

काळ्याला आता सहसा उंटाची रेघ अडवावी लागते. म्हणून तो वजिरासमोरचं प्यादं डी५ वर टाकतो. ती ई४ च्या प्याद्याने ते मारते. आता पाचवी चाल काळ्याची, आणि सगळा डाव या एका चालीवर उभा आहे.

लहान मूल काय करेल? प्यादं मारलं, तर आपणही मारायचं. घोड्याने डी५ वरचं प्यादं मारून तो मोकळा होतो. हिशेब बरोबर, प्यादी समसमान, घोडा पटाच्या मधोमध. पाहणाऱ्यालाही चाल चांगलीच वाटते. आणि ती मुलगी, जिने हे घरी वीसदा मांडलेलं असतं, क्षणात घोडा एफ७ वर आदळते.

तो घोडा एकाच वेळी वजीर आणि हत्ती दोघांवर असतो, म्हणून राजाला तो मारावाच लागतो. आता दारातून बघणारे लातूरचे वडील खूश. घोडा मिळाला, गेलं फक्त एक प्यादं. ढोबळ मोलाने बघितलं तर घोड्याचे तीन आणि प्याद्याचा एक. पण लगेच पांढरा वजीर एफ३ वर येतो. राजाला शह, आणि त्याच चालीत डी५ च्या घोड्यावरही मारा.

राजा मागे जी८ ला गेला, तर उंट डी५ वर शह देत घोडा मारतो आणि तीन-चार चालींत मात होते. ई८ ला गेला, तर उंट घोडा मारून पुन्हा एफ७ वर मातेची धमकी देतो. घोडा वाचवायचा असेल तर राजाला पुढे, ई६ वर, यावं लागतं. सातव्या चालीलाच राजा पटाच्या मध्यावर, आणि आजूबाजूला स्वतःचं जवळपास काही नाही.

इथे जरा थांबून डी५ वरचा तो काळा घोडा नीट बघा, कारण हल्ल्याचा सगळा जीव तिथे आहे. त्याच्या पलीकडे, त्याच तिरक्या रेघेवर, त्याचा राजा आहे; अलीकडे सी४ वर पांढरा उंट. घोडा हलला की राजाला शह बसतो, म्हणून तो हलूच शकत नाही. मुलं याला ‘पिन’ म्हणतात. आता आठव्या चालीला पांढरी दुसरा घोडा सी३ वर काढते. मोजा. डी५ वर पांढऱ्याचे मारे तीन: उंट, वजीर, घोडा. काळ्याचा जोर दोनच: राजा आणि वजीर. तिसरा जोर द्यायला सी६ चा घोडा बी४ किंवा ई७ वर न्यावा लागतो. पोरं बहुतेक बी४ निवडतात, कारण तिथून सी२ वर शह देत ए१ चा हत्ती मिळतो. हत्ती मिळतोही. पण पांढऱ्याने ए३ हे प्यादं शांतपणे पुढे सरकवलं आणि काळा घोडा हत्ती खात कोपऱ्यात गेला, की डी५ चा जोर उडालाच. सी३ चा घोडा डी५ वर मारतो, आणि तिथून तो हलला की त्याच्या मागचा उंट आपोआप शह देणार. काळ्याकडे तेव्हा हत्ती जास्त असतो आणि डाव गेलेला असतो.

हा हल्ला नवा अजिबात नाही. जुलिओ चेझारे पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या नावावर चारशे वर्षांपूर्वीचा असा डाव नोंदलेला आहे. यूट्यूबवर सापळा म्हणून जे दाखवतात, ते इतकं जुनं आहे. आणि अजूनही दर स्पर्धेत कोणी ना कोणी त्यात सापडतंच, कारण पाचवी चाल फार स्वाभाविक आहे.

खरी गंमत मात्र काळ्याने ती स्वाभाविक चाल टाळली तर सुरू होते. समजा लातूरच्या मुलाला हे माहीत आहे. तो डी५ चं प्यादं मारतच नाही. सी६ चा घोडा उचलून ए५ वर, थेट पटाच्या काठावर ठेवतो आणि सी४ च्या उंटावर मारा करतो. दाराशी उभे असलेले वडील कपाळाला हात लावतात. प्यादं फुकट दिलं, वर घोडा काठावर!

आता दोन्ही बाजूंच्या चाली मोजत जाऊ. पांढरी उंट बी५ वर नेऊन शह देते. काळा सी६ ला प्यादं मध्ये घालतो. पांढरी डी५ च्या प्याद्याने ते मारते, काळा बी७ च्या प्याद्याने परत मारतो. पुन्हा उंटावर मारा. उंट ई२ ला मागे जातो. काळा एच६ टाकून जी५ च्या घोड्याला हाकलतो. घोडा एफ३. काळा ई४ टाकून पुन्हा हाकलतो. घोडा ई५. काळा उंट डी६ वर आणून तिसऱ्यांदा हाकलतो. आता पांढरी डी२ चं प्यादं डी४ वर टाकून घोड्याला जोर देते.

आणि इथे काळा ई४ च्या प्याद्याने ते डी४ चं प्यादं मारतो, पण स्वतः जाऊन बसतो डी३ वर. नवख्या पालकांना हा चक्क खोटेपणा वाटतो. नियम असा आहे की प्यादं पहिल्याच उडीत दोन घरं गेलं आणि जाताना समोरच्या प्याद्याच्या माऱ्यातलं घर ओलांडून गेलं, तर लगेचच्या चालीला, आणि फक्त त्याच चालीला, ते एकच घर चाललं असं समजून मारता येतं. एका चालीने उशीर केला की हक्क गेला. पंचांना हात वर करून बोलावण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पांढरी घोड्याने डी३ वर मारते आणि काळा वजीर सी७ वर आणतो. दोघांच्याही बारा-बारा चाली झाल्या. प्यादी मोजा: पांढरी सहा, काळी पाच. म्हणजे ती एका प्याद्याने पुढे आहे, आणि स्पर्धेत एक प्यादं म्हणजे थोडंथोडकं नाही. पण त्या बारा चाली तिने कशावर खर्च केल्या ते बघा. एकट्या घोड्याच्या पाच. उंटाच्या तीन. उरलेल्या चार प्याद्यांच्या. बी१ चा घोडा, सी१ चा उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर आपापल्या घरी बसून आहेत. काळ्याने मात्र पाच वेळा अशी चाल केली की तिला आपलं मोहरं उचलून पळवावं नाहीतर सांभाळावं लागलं: काठावरचा घोडा, बी७ चं प्यादं, एच६, ई४ आणि डी६ चा उंट. त्याचे दोन घोडे, उंट आणि वजीर बाहेर आले. बी आणि ई या उभ्या ओळी त्याच्या हत्तींसाठी मोकळ्या झाल्या.

समोरच्याला आपल्याच धमकीला उत्तर देत ठेवून मिळालेल्या अशा चालीला बुद्धिबळात ‘टेम्पो’ म्हणतात. काळ्याने एक प्यादं देऊन वेळ विकत घेतला. आता हा वेळ टिकतो किती? शेतातल्या वापशासारखा. चार दिवसांत पेरून घेतलं तर पीक. बघू-करू म्हणत बसलं तर जमीन वाळते आणि बियाण्याचे पैसे तेवढे गेलेले राहतात. काळ्याने पुढच्या आठ-दहा चालींत हल्ला उभा केला नाही, तर पांढरी सावकाश आपली मोहरी बाहेर काढते, आणि मग ते एक जादा प्यादं डावाच्या अखेरीस त्याला नडतंच. म्हणूनच मी म्हणतो, धारदार ओपनिंगमध्ये ‘किती मारलं’ याच्याआधी ‘उत्तर कोण देतंय’ हे विचारावं.

परभणीच्या मुलीची अडचण आता सुरू होते. तिला पाठ होता सापळा. समोरचा सापळ्यात आलाच नाही, आणि पाचव्या चालीनंतर तिच्या वहीत काही नाही. तेराव्या चालीला ती क्लासमध्ये शिकलेलं सगळ्यात सुरक्षित काम करते: कॅसलिंग. राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर. राजाला लवकर सुरक्षित करा, हेच तर शिकवलेलं असतं. पण डी६ चा काळा उंट आणि त्याच्या मागे सी७ चा वजीर एकाच तिरक्या रेघेवर उभे आहेत, आणि ती रेघ थेट एच२ वर उतरते. उंट एच२ वर मारून शह देतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण मागे वजिराचा जोर आहे. राजा एच१ ला सरकतो, उंट निवांत डी६ वर परत. प्यादी पाच-पाच. ती जादा असलेली एकच गोष्ट गेली, राजासमोरची भिंत फुटली आणि मोहरी अजून घरीच. एका चालीआधी तिने एच३ किंवा बी३ असं साधं प्यादं सरकवलं असतं, तर डाव चांगलाच रंगला असता.

नियम पाठ होता, वेळ चुकली. मुलांच्या डावांत हरण्याचं हे कारण मला सापळ्यांपेक्षा जास्त वेळा दिसतं.

घोडा जी५ वर आल्यावर काळ्याकडे अजून एक उत्तर आहे, आणि ते बघून पांढऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तो एफ७ राखतच नाही! उंट काढून सी५ वर ठेवतो, जणू धमकी दिसलीच नाही. कारेल ट्राक्स्लर या चेक धर्मगुरूचा १८९० सालचा डाव यासाठी प्रसिद्ध आहे आणि ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पांढऱ्याने घोड्याने एफ७ मारलं की वजीर आणि हत्ती दोन्ही माऱ्यात. काळा उत्तर म्हणून उंटाने एफ२ मारून शह देतो. राजाने उंट मारला, तर घोडा ई४ वर मारून दुसरा शह, आणि मागून वजीर एच४ वर यायच्या तयारीत. शह-काटशह म्हणतात तो अक्षरशः हाच. पांढऱ्याने हत्तीचा मोह टाळून घोड्याऐवजी उंटाने एफ७ वर मारून शह द्यावा आणि राजा ई७ वर गेल्यावर उंट मागे घ्यावा, हे जास्त सुरक्षित. एक प्यादं हातात, राजाही बरा. पण दहा वर्षांच्या मुलाला हत्ती दिसत असताना प्याद्यावर समाधान मानायला सांगून बघा.

आपल्याकडच्या जुन्या खेळणाऱ्यांना हा सगळा प्रकार अधाशी वाटतो, आणि त्याला कारण आहे. गावाकडे पारावर जे देशी पद्धतीचं बुद्धिबळ चालायचं, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. आजचं कॅसलिंग नव्हतं; शह बसलेला नसेल तर राजा डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारायचा. अशा डावात ई४, ई५ असं दोन चालींत समोरासमोर भिडता येत नाही, मोहरी बाहेर पडायलाच वेळ लागतो, त्यामुळे सातव्या चालीला राजा मध्यावर ओढला जाण्याचा प्रश्न येत नाही. वजिराला आणि उंटाला आजची लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. तेव्हापासून पहिल्या दहा चाली जीवघेण्या झाल्या आणि ओपनिंगचा अभ्यास नावाची गोष्ट सुरू झाली.

देशी पद्धतीत वाढलेल्या माणसाला या अभ्यासाशिवाय जमतच नाही, असंही नाही. पंजाबातला मीर सुलतान खान भारतीय नियमांवर तयार झाला होता. १९२९ मध्ये इंग्लंडला गेला, ओपनिंगचं पुस्तकी ज्ञान जेमतेम, आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. सुरुवातीला जे बिघडायचं ते तो मध्यडावात आणि शेवटात सावरायचा. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

आज मात्र वाऱ्याची दिशा वेगळी आहे. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही नावं पालकांना पाठ असतात. दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. मग सेलू, उदगीर, वसमतच्या घरांतही लेकराला क्लास लावला जातो आणि क्लासवाला पहिल्या महिन्यात काय शिकवतो? सापळे. कारण सापळ्याने पहिल्याच स्पर्धेत दोन डाव जिंकता येतात आणि पालक फी भरत राहतात. यात वाईट काही नाही, फक्त ते तिथेच थांबतं हे वाईट. एकदिवसीय रॅपिड स्पर्धेत घड्याळ पळत असतं. पाठ असलेल्या दहा चाली मूल अर्ध्या मिनिटात मारतं, आणि अकराव्या चालीलाही हात त्याच वेगाने पडतो. डोकं तोवर पटावर आलेलंच नसतं. स्विस लीग पद्धतीत जिंकणाऱ्याची पुढची गाठ जिंकणाऱ्याशीच पडते, म्हणून सापळ्याचं आयुष्य साधारण दोन फेऱ्यांचं. तिसऱ्या फेरीला समोर ए५ वर घोडा ठेवणारा भेटतो.

त्या परभणीच्या मुलीला पुढच्या वेळी हेच ओपनिंग खेळायचं असेल तर खुशाल खेळावं. सापळा राहू द्यावा, पण नववी चाल घरी नीट बघून यावी. काळ्याने एच६ टाकून घोडा हाकलला की तो एफ३ ला मागे नेण्याऐवजी एच३ ला, काठावर, ठेवता येतो. दिसायला विचित्र. पण एफ३ वर गेला की ई४ च्या प्याद्याचा फटका बसणार, एच३ वर तो बसत नाही. स्टाइनिट्सने ही चाल रशियन उस्ताद मिखाईल चिगोरिनविरुद्ध १८९०-९१ च्या तारेवरून खेळलेल्या सामन्यात वापरली आणि तो डाव हरला. मग ती बरीच वर्षं धूळ खात पडली, आणि १९६३ मध्ये फिशरने ती पुन्हा बाहेर काढून जिंकून दाखवलं. काळा उंटाने तो घोडा मारून जी२ चं प्यादं एच ओळीवर ओढेल, दोन प्यादी एकामागे एक होतील, राजासमोर भगदाड दिसेल. बदल्यात पांढऱ्याचे दोन्ही उंट शाबूत, काळ्याचा एक गेलेला, आणि जादा प्यादं अजून हातात. ही अदलाबदल परवडते का, हे तिने आणि तिच्या सरांनी पट मांडून, घड्याळ न लावता, एका रविवारी ठरवावं.